रणाकाठचे गोल घर

घर थंड ठेवायचे म्हटले की आज आपला हात सहजच विजेच्या बटणाकडे जातो. माझाही जात असे. मी स्थापत्य व्यवसायातला माणूस. उभा जन्म सिमेंटच्या इमारती बांधण्यात गेला आणि मातीची भिंत मी गरिबीचेच लक्षण मानीत आलो. त्यामुळे पुतण्याने कच्छच्या रणाजवळ पर्यटकांसाठी बांधावयाच्या बारा बंगल्यांचा नकाशा पाठवून अभिप्राय विचारला, तेव्हा तो मला प्रथमदर्शनी आवडला. आकार तेथील भुंग्याचा, भिंती काँक्रीटच्या, खोलीखोलीत वातानुकूलन आणि मध्यभागी पोहण्याचा तलाव! तरीही मूळ भुंगा पाहिल्यावाचून मत देणे बरे नव्हे, असे वाटून मी होडका गावी गेलो.

भूजच्या उत्तरेस, बन्नीच्या गवताळ प्रदेशात हे गाव आहे. भुंगा म्हणजे मातीचे एकखणी गोल घर. वर गवताचे शंकूसारखे छप्पर. बाहेर दुपार रणरणत होती. आत पाऊल टाकताच डोळे निवाले. हातभर जाडीची ती भिंत दिवसाची उष्णता इतक्या सावकाश शोषून घेते की, ती आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. गवताच्या थरांत कोंडलेली हवा वरचे ऊन खाली उतरू देत नाही. खिडक्या लहान, प्रकाश बेताचा. पण भिंतीवरील मातीच्या नक्षीत बसविलेल्या आरशांच्या तुकड्यांमुळे तेवढ्या प्रकाशातही खोली उजळून निघते.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधील असंख्य दगडी घरे कोसळली. नीट बांधलेले भुंगे मात्र पुष्कळ टिकले. गोल भिंतीत हादरा एखाद्या कोपऱ्यावर न साठता सभोवार वाटला जातो. हे गणित मी पुस्तकात शिकलो होतो; येथे ते मातीत उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन बादल्या पाण्याने स्नान केले आणि तिसरी मागितली. घरची बाई पाणी घेऊन आली, पण बादली खाली ठेवताना हसून म्हणाली, "काका, तुमच्या गावी नदी दाराशीच वाहते वाटते?" मी ओशाळलो. मग तिने मला विरडा दाखविला. पावसाचे पाणी सखल जागी जमिनीत मुरते आणि हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. तेथे उथळ खड्डा खणून मालधारी लोक ते गोडे पाणी बेताबेताने काढतात. उपसा अधिक झाला की खालचे खारे पाणी वर येते. "आता नळ आला आहे," ती म्हणाली, "पण तो रुसला की आम्हाला विरडाच."

परतीच्या गाडीत मी पुतण्याचा नकाशा पुन्हा उघडला. त्यात भुंग्याचा आकार होता, भुंग्याची समजूत नव्हती. निसर्गाचे अनुकरण म्हणजे त्याच्या आकृतीची नक्कल नव्हे. त्याच्याकडून किती घ्यावे, हे ओळखणे होय. मातीच्या घराला कष्ट पडतात, हेही मी जाणतो. पावसाने भिंत झिजते, लिंपण पुन्हा करावे लागते. पण त्या कष्टाचा मोबदला गावातल्या हातांत पडतो. विजेच्या देयकाचा पडत नाही.

मी त्याला लिहिले, "बारांचे सहा कर. भिंती मातीच्या, छप्पर गवताचे ठेव. लिंपणाचे काम गावच्या स्त्रियांना योग्य मजुरीने दे. तलाव खोडून टाक; आणि पाहुण्याला खोली दाखविण्याआधी विरडा दाखव."

त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. माझ्या स्नानघरात मात्र आता एकच बादली असते.