नैरोबीहून दोन पत्रं

नैरोबी, मंगळवार रात्र

ती. दादांना सा. न.

पोचल्याचा निरोप मिळाला असेलच. इथे थंडीने हाल आहेत. शहर 1,700 मीटरच्या वर, त्यात जुलै, दिवसभर ढग. आईचा स्वेटर अंगावरून उतरत नाही.

जेवायला उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुकुमा विकी ही पालेभाजी. तिखटाचं नाव नाही. लसणीची चटणी संपत आलीय, ती पुरवून खातेय. चपाती मात्र गल्लोगल्ली मिळते. मैद्याची, जाडसर, तेल सोडून भाजलेली. राजम्याबरोबर दोन खाल्ल्या की संध्याकाळपर्यंत बघायला नको.

भाजीवालीसुद्धा एम-पेसाने पैसे घेते, साध्या बटणांच्या फोनवर. 2007 पासून हे चालू आहे. बँकेत खातं नसलेली माणसं एसएमएसवर गावी पैसे पाठवू लागली. केंद्रीय बँकेने आधी चालू दिलं, नजर ठेवली. कायदा 2011 मध्ये आला. दादा, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

शुक्रवार



काल एका कार्यालयात नुसता शिक्का हवा होता. खिडकीतल्या साहेबांनी मान वर न करता ‘उद्या’ म्हटलं. माझी सकाळ गेली, कारागिराची तर मजुरी जाते.

तिथून आमच्या अभ्यासपथकाबरोबर कामुकुंजीच्या पत्रेकामाच्या बाजारात गेले. पत्रा ठोकण्याचा आवाज अजून कानात आहे. ट्रंका, पातेली, शेगड्या, सगळं हातोडीवर. 1980 च्या दशकात सरकारने इथे शेड बांधून दिल्या. तरी कितीतरी जण अजून उन्हापावसात बसतात. याउलट आयहब, तंत्रज्ञानात काही करू पाहणाऱ्या तरुणांचं केंद्र, 2010 मध्ये न्गाँग रोडवर सुरू झालं. 2009 मध्ये समुद्राखालच्या केबल मोंबासाला पोचल्या, म्हणून तसं काही उभं राहू शकलं. जागा, इंटरनेट, ओळखी. तरुणांना खरोखर उपयोग झाला. पण आमचं पथक असल्याच ठिकाणी दिवस दिवस रमतं आणि कामुकुंजीला जेमतेम तास देतं. पत्रेवाल्याला छप्पर, वीज आणि परवडणारं कर्ज मिळालं, तर तोही नवं काही करून बघेल. अहवालात मी हे स्पष्ट लिहिणार आहे.

तिकडे आपल्या उद्यमनगरात बापूच्या शेडच्या विजेच्या अर्जाचं काय झालं? त्याला म्हणावं, कार्यालयाच्या चकरांना कंटाळून अर्ज मागे घेऊ नकोस. मी आले की आपण तिघं जाऊ.

तुमची,
सुमा