घासलेली शिवराई

नाणी जमवण्याचा नाद असलेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, “याचे किती पैसे येतील?” आणि दुसरा, “अरे, इतकी काळी कशी? जरा घासून का ठेवत नाहीस?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला आजही नीट देता येत नाही. दुसऱ्याचे मात्र देता येते. कारण ते शिकताना मी जे गमावले ते पुन्हा मिळणारे नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ग्वाल्हेरला आत्याकडे गेलो होतो. बेळगावहून गोवा एक्सप्रेसमध्ये बसले की दुसऱ्या रात्री माणूस ग्वाल्हेरला उतरतो. आत्याचे सासर मूळचे लष्करातले. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी दिली आणि त्या छावणीचेच पुढे ‘लष्कर’ नावाचे शहर झाले. तिथला जुना वाडा वाटण्यांत गेला आणि आत्या-काका सिटी सेंटरमध्ये राहायला आले. ही नव्या ग्वाल्हेरची वस्ती. रुंद रस्ते, कचेऱ्या, हॉटेले, दुकानांच्या झगमगत्या पाट्या. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या ब्लॉकमध्ये वाड्यातल्या दोनच वस्तू आल्या आहेत. एक देवघर, आणि दुसरा आत्याच्या सासऱ्यांचा पत्र्याचा डबा.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आत्याने तो डबा माझ्यापुढे ठेवला. शेजारी भिजवलेली चिंच, रांगोळी आणि नारळाची शेंडी.

“तू नाण्यांतला माणूस. एवढी घासून दे बरं. लक्ष्मीपूजनाला मांडायची आहेत.”

डबा उघडला आणि माझे डोळेच दिपले. चकाकीने नव्हे, कारण चकाकी कुठेच नव्हती. तांब्याचे पाव आणे होते. काहींवर माधवराव शिंदे, संवत १९७४, म्हणजे सन १९१७. काहींवर जिवाजीराव, संवत १९८६, म्हणजे १९२९. माधवराव महाराज १९२५ साली गेले, तेव्हा जिवाजीराव जेमतेम नऊ वर्षांचे होते. नाणे पडले त्या साली तेरा वर्षांचे. एवढ्याशा चेहऱ्यावर ती डौलदार शिंदेशाही पगडी, आणि मागच्या बाजूला शिंद्यांचे नाग! सगळी नाणी गर्द तपकिरी, जुन्या पितळी कडीपाटाच्या झोपाळ्याची कडी हाताळून हाताळून जशी होते तशी. शिवाय व्हिक्टोरिया राणीचा एक चांदीचा रुपया आणि पंचम जॉर्जचे तीन.

मी चिंचेचे भांडे बाजूला सारले. “आत्या, ही घासायची नाहीत.”

“का रे? लक्ष्मीपुढे काय अशी काळीकुट्ट मांडू?”

तेव्हा मला तिला आजोबांच्या शिवराईची गोष्ट सांगावी लागली. आजोबा म्हणजे तिचे वडील. पण तिचे लग्न होऊन ती इतक्या दूर आलेली, तिला ही गोष्ट ठाऊकच नव्हती.

आमच्या घरी एक शिवराई होती. शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेक करवून घेतला तेव्हापासूनचे हे तांब्याचे नाणे. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्रपति’. पुढे पेशवाईतही याच अक्षरांची नाणी पडत राहिली, म्हणून आमची शिवराई नेमकी कोणत्या काळातली हे काही सांगता येत नसे. आजोबा ती बंडीच्या खिशात ठेवत. शेवटच्या वर्षांत त्यांना मोतीबिंदूने दिसेनासे झाले होते, पण खिशात हात घालून अंगठा फिरवला की ते सांगत, “ही श्री. हा राजा. आणि हा शिव.” मला वाटते त्यांना ती अक्षरे आमच्यापेक्षा स्वच्छ दिसत असावीत.

मी आठवीत असताना शाळेत प्रदर्शन भरले. सगळ्यांत उठून दिसावी म्हणून मी कुणाला न विचारता ती शिवराई आदल्या रात्री चिंचेने घासली. मनासारखी उजळेना म्हणून विटेची पूड घेतली. सकाळी ती नव्या तांब्यासारखी गुलाबी लखलखत होती! प्रदर्शनात मुलांनी ती हातोहात पाहिली. संध्याकाळी मी ती मोठ्या अभिमानाने आजोबांच्या हातावर ठेवली. त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. नाणे उलटे केले, पुन्हा सुलटे केले. मग म्हणाले, “चांगली चमकत असेल, नाही रे?” आणि खिशात न ठेवता कपाटाच्या खणात ठेवायला सांगितली. पुढच्या वर्षी ते गेले. मधल्या काळात त्यांनी ती एकदाही मागितली नाही.

आत्या काही बोलली नाही. चिंचेत नुसतीच बोटे फिरवीत राहिली.

आज मी बी.एस्सी.च्या वर्गात रसायनशास्त्र शिकतो, म्हणून त्या रात्री काय घडले ते मला सांगता येते. तांब्याचा हवेशी वर्षानुवर्षे संबंध येऊन त्यावर एक पातळ थर धरतो. तो बाहेरून बसलेला मळ नव्हे. ते त्या नाण्याचेच तांबे, रूप बदललेले. तोच थर आतल्या धातूचे रक्षणही करतो. चिंचेतले आम्ल तो विरघळवते आणि खालचे उघडे तांबे वर येते, म्हणून ते गुलाबी दिसते. चांदीचेही तेच. तिच्यावरचा काळेपणा म्हणजे चांदी आणि गंधक यांचे संयुग. त्यातली चांदी नाण्याचीच. घासून काळे काढले म्हणजे तेवढी चांदी काढली. इंग्रजी अमदानीतला व्हिक्टोरियाचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असे, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. जुन्या नाण्यांचे अभ्यासक वजनावरून पुष्कळ गोष्टी ताडतात. घासणारा त्या वजनालाच हात घालतो. वीट किंवा रांगोळी तर आधी उंचवटेच खाते, आणि नाण्यावरचे उंचवटे म्हणजे अक्षरे. नाणे जाणणारा गिऱ्हाईकही घासलेल्या नाण्याला कमी पैसे देतो, पण ती गोष्ट मी शेवटची मानतो.

काका इतका वेळ वर्तमानपत्राआड होते. ते म्हणाले, “म्हणजे मळ तसाच ठेवायचा? मग पुराणवस्तूवाले तरी कशाला साफ करतात?”

प्रश्न रास्त होता. जमिनीतून निघालेले नाणे मातीच्या पुटाखाली वाचताच येत नाही. जाणकार ते साफ करतातच. तांब्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशी दिसली तर तो रोग असतो. क्षार आणि दमट हवा मिळून तो आत पोखरत जातो आणि त्यावर इलाज करावाच लागतो. पण तो शिकलेल्या माणसाने, प्रयोगशाळेत. तुमच्या-माझ्या मोरीत नव्हे. घरी करायचे ते एवढेच. स्वच्छ पाण्यात, मिळाल्यास उर्ध्वपातित पाण्यात, नाणे भिजत घालावे, सुटेल तेवढी माती सुटू द्यावी, मऊ कापडाने न चोळता टिपावे आणि पूर्ण वाळवून कागदाच्या पाकिटात ठेवावे. प्लॅस्टिकच्या साध्या पिशव्यांतून कधीकधी चिकट हिरवट द्रव सुटतो, म्हणून त्या नकोत. आणि नाणे कडेने धरावे. बोटांचा घामही डाग पाडतो.

“उद्या गुजरी महालात चल,” काका म्हणाले. किल्ल्याच्या पायथ्याशी मानसिंह तोमराने बांधलेल्या या महालात ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने संग्रहालय उभे केले, मो. बा. गर्दे या आपल्या मराठी माणसाच्या देखरेखीखाली. तिथे ग्यारसपूरची शालभंजिका आहे. तिचे दोन्ही हात तुटलेले आहेत. पण कुणी तिला सिमेंटचे हात बसवलेले नाहीत. तिच्यापुढे उभे राहून काका पुष्कळ वेळाने एवढेच म्हणाले, “पटले.”

आत्याला मात्र अर्धेच पटले होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिने तांब्याची नाणी नुसती धुऊन, टिपून पाटावर मांडू दिली. पण व्हिक्टोरियाचा रुपया तिने उचलला आणि माझ्यादेखत चिमूटभर रांगोळीने घासला. मी तोंड उघडणार तोच म्हणाली, “हा डब्यातला नव्हे, देवघरातला. माझ्या सासूबाई दर दिवाळीला घासायच्या, त्यांच्या सासूबाई घासायच्या. बघ.” मी पाहिला. राणीचा चेहरा जवळजवळ सपाट झाला होता. नाकाच्या जागी नुसती एक गुळगुळीत चढण. कानशी लावून कुणी तो असा केला नव्हता. तीन पिढ्यांतल्या बायकांची बोटे त्यावरून दरवर्षी एकदा फिरली होती. तो रुपया संग्रहाचा नव्हताच. त्याचे काम पूजेचे होते आणि ते तो अजून करीत होता. त्यावर मला काही बोलायचा अधिकार नव्हता. तिने हळदकुंकू वाहिले आणि मी मुकाट्याने नमस्कार केला.

तेव्हा माझे उत्तर आता असे आहे. ज्या नाण्याचे काम चालू आहे त्याचा धनी ते काम करणारा. ज्याचे काम संपले आणि जे आता फक्त साक्ष देण्यापुरते उरले आहे, त्याची साक्ष आपण पुसू नये. बेळगावला परतल्यावर हे सारे मी माझ्या गोकाकच्या खोलीसोबत्याला सांगितले. मी इतक्या शब्दांत जे सांगितले ते त्याने आपल्या कन्नडमध्ये दोन शब्दांत संपवले, “तोळी, तिक्कब्याड.” धू, घासू नको. एवढे कुणी मला आठवीत सांगायला हवे होते.

घरी गेलो तेव्हा कपाटाचा खण उघडला. शिवराई होती तिथेच होती. गुलाबीपणा केव्हाच गेला होता. जागोजाग तपकिरी छटा पुन्हा धरू लागली आहे, थोडी डागाळलेली, पण तिची स्वतःची. मी डोळे मिटून अंगठा फिरवला. ‘राजा’ अंधुक लागला. ‘शिव’ लागल्यासारखा वाटला. ‘श्री’ लागली नाही.

ती मी तशीच कागदात गुंडाळून ठेवली आहे.