पांढरा खडा

काळा खडा कुणालाही दिसतो, पांढरा शोधावा लागतो. आजीचं हे म्हणणं मी तांदळाच्या परातीपाशी बसून शिकले. अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलेड यांचा १९८०चा सिद्धांत पुष्कळ नंतर वाचनात आला, तेव्हा तो आमच्या माजघरातलाच वाटला. रंग वेगळा असला की वस्तू आपणहून डोळ्यांत भरते. पण रंग नि आकार दोन्ही जुळवून ओळखायची तर लक्ष जागोजाग फिरवावं लागतं.

लग्नानंतर हेच काम मी रेडिओ ऐकत, मुलाचे पाढे घेत, गॅसवरच्या दुधाकडे कान लावून उरकत असे. बोटं आपली खडे, साळी वेचत राहायची. (दूध उतू जायचंच. ती दुधाची खोड.)

आता परात घेतली की आधी टीव्ही बंद करायला सांगते. वयानं बाहुली आक्रसते, भिंग पिवळट होतं, आत उजेड कमी पोचतो, हे खरंच. पण मोतीबिंदू काढून झाला, तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचून झाली, तरी परातीपाशी तीच गत. तक्त्याशेजारी कुणी भांडत नसतं ना!

अ‍ॅडम गझाली आणि सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना चेहरे आणि निसर्गदृश्यं दाखवली. चेहरे लक्षात ठेवा, दृश्यं सोडून द्या, असं सांगितलं. तरुणांच्या मेंदूतला दृश्यं टिपणारा भाग दबला, वयस्कांचा तेवढा दबला नाही. हवं ते टिपण्यात मात्र वयस्क उणे नव्हते. हे वाचून मला हायसं वाटलं. दुर्लक्ष करायची ताकदच तेवढी ओसरली होती.

शिवाय तरुणपणी आपापली कामं वेगळी ठेवणारी मेंदूतली जाळी उतारवयात एकमेकांत मिसळू लागतात. काम करताना गप्प बसायचं, आठवणींत रमणारं जाळंही पुरतं गप्प बसत नाही. परातीवर वाकलं की माहेरचं अंगण येतं, ते त्यामुळेच असेल. मी काही त्याला दुखणं म्हणणार नाही.

टोरांटोच्या लिन हॅशर यांच्या प्रयोगांत तर वाचताना मध्ये पेरलेले नको ते शब्द पुढे कोडी सोडवायला वयस्कांच्याच कामी आले. आमच्याकडे याचा उपयोग सूनबाईला होतो. स्कूटरची किल्ली सापडेना की ती थेट मलाच विचारते. काल फ्रीजवर होती, वर्तमानपत्राखाली.