आदेश आणि आगम

गेल्या वैशाखांत आमच्या धाकट्या नातवाची मुंज झाली. खरें म्हणजे तो माझ्या थोरल्या बंधूंचा नातू. परंतु एकत्र कुटुंबांत असला हिशेब कोणी ठेवीत नाहीं, आणि तो मलाच आजोबा म्हणून हांक मारितो. बंधु जाऊन पस्तीस वर्षें होत आलीं. त्यांचा मुलगा, म्हणजे ह्या बटूचा बाप, सैन्यांत अधिकारी असून सध्यां नाशिकला नवशिक्या वैमानिकांना शिकवितो. बदलीच्या धांवपळींत मुलाच्या शाळेची ओढाताण नको म्हणून त्यानें त्याला वाईस आमच्यापाशीं ठेविलें आहे.

मुंजीच्या आहेरांत चांदीचीं भांडीं होतीं, पळीपंचपात्र होतें, आणि नोकरीनिमित्त फ्रान्समध्यें असणाऱ्या मामानें आणिलेली एक पुठ्ठ्याची पेटीहि होती. पेटींत करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी, आणि त्यांना चिंचांसारखे लटकलेले हेलिकॉप्टरचे सुटे भाग. ते कापावे, कानशीनें घासावे, चिकटवावे, रंगवावे, म्हणजे मूळ यंत्राच्या बहात्तराव्या हिश्शाची प्रतिकृति तयार होते. हेलिकॉप्टर होतें फ्रेंचांचें ‘अलूएत दोन’. अलूएत म्हणजे त्यांच्या भाषेंत चंडोल पक्षी. हें यंत्र १९५५ सालीं प्रथम उडालें. पुढें कांचेचा गोल घुमट, मागें जाळीदार शेपूट, खालीं चाकांऐवजीं दोन पट्ट्या; पाहणाराला तो चंडोलापेक्षां चतुरच अधिक वाटावा.

मुलानें पेटीवरचें चित्र पाहिलें, ओटीवर जाऊन भिंतीवरचा आपल्या बापाचा फोटो पाहिला, आणि परत येऊन म्हणाला, “आजोबा, हें बाबांचें हेलिकॉप्टर नाहीं.”

मीं चष्मा लावून दोन्हीं निरखलीं. मला तर जुळीं भावंडें दिसलीं. तेव्हां तो म्हणाला, “फोटोंत शेपटीच्या पंख्याला तीन पातीं आहेत. ह्यांत दोनच आहेत.”

तीन तपें मीं संस्कृत शिकविलें. एका मात्रेवरून विभक्ति ओळखणारा विद्यार्थी भेटला म्हणजे माझा दिवस सोन्याचा होत असे. हा मुलगा शब्दरूपें पाठ करतांना जांभया देतो. पण येथें मात्र त्यानें प्रत्यय अचूक पकडला होता. मग त्यानें हट्ट धरिला: ह्याच संचांतून बाबांचें हेलिकॉप्टर करावयाचें, दुसरें कांहीं करावयाचें नाहीं.

त्या फोटोविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. १९९३ सालीं पुतण्यानें खडकवासल्याच्या प्रबोधिनीचा अर्ज आणिला. वडील नव्हते, तेव्हां पालक म्हणून सही माझी हवी होती. माझें अक्षर घरांत चांगलें समजलें जातें, म्हणून सारा अर्ज मींच भरला: नांव, जन्मतारीख, उंची, सारें कांहीं. शेवटच्या रकान्याशीं आलों आणि लेखणी खालीं ठेविली. भावाचा एकुलता एक मुलगा. मजकडून तें झालें नाहीं. सही वहिनींनीं केली. त्या दिवशीं कोणी मोठ्यानें बोललें नाहीं, पुढेंहि कोणी तो विषय काढिला नाहीं. दहा वर्षांनीं तो सियाचीनच्या हिमनदीवर हेलिकॉप्टर चालवीत होता. सुटींत घरीं येई, पुरणपोळी खाई, सगळ्यांच्या पायां पडे आणि जाई. तिकडचें मीं कधीं विचारिलें नाहीं, त्यानें सांगितलें नाहीं. फोटो तेवढा वहिनींनीं भिंतीला लाविला.

आतां मात्र विचारल्यावांचून गत्यंतर नव्हतें. नातवानें नाशिकला फोन लाविला आणि माझ्या कानाशीं धरिला. मी विचारिलें, “बाळ, तुमच्या त्या चीत्याच्या शेपटीला तीन पातीं कां?”

पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग तो बोलूं लागला, आणि अर्धा तास बोलला.

त्याच्या सांगण्याचा गोषवारा असा. १९६८ च्या अखेरीस आपल्या सैन्याला हिमालयांत चालेल असें हलकें हेलिकॉप्टर हवें होतें. वीस हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येते. पंख्याला रेटावयास हवा कमी, आणि इंजिनाला श्वास घ्यावयासहि कमी. म्हणजे जेथें शक्ति जास्त हवी, तेथेंच ती आटते. ‘अलूएत दोन’ अंगानें हलकें, पण शक्तीनें अपुरें. ‘अलूएत तीन’ बलवान, पण अंगानें जड. फ्रेंच कारागिरांनीं नवें यंत्र काढलें नाहीं. धाकट्याचा सांगाडा घेऊन मजबूत केला, आणि त्यावर थोरल्याचें इंजिन व थोरल्याचेच पंखे चढविले. हें इंजिन ८७० अश्वशक्तीचें. परंतु त्याला ५५० वरच अडवून ठेविलेलें. एवढें बळ देऊन तें वापरूं कां द्यावयाचें नाहीं, ह्याचें मला नवल वाटलें. पुतण्या म्हणाला, “काका, तो साठा उंचीसाठीं. वर हवा विरळ झाली तरी तें ५५० देत राहतें.” ह्या संकराचें पहिलें उड्डाण १७ मार्च १९६९ रोजीं झालें. फ्रेंचांनीं त्याला ‘लामा’ म्हटलें. पुढें बंगलोरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यांत तें परवान्यानें होऊं लागलें आणि ‘चीता’ झालें. २१ जून १९७२ रोजीं झां बूले नांवाच्या फ्रेंच वैमानिकानें लामा १२,४४२ मीटरांवर नेलें. तेथें इंजिनच विझलें! खालीं येतां येतां हवेच्या झोतानें पंखा फिरत राहिला, आणि तेवढ्या आधारावर तो सुखरूप उतरला. १३ एप्रिल १९८४ रोजीं कॅप्टन संजय कुलकर्णी ह्यांच्या तुकडीला बिलाफोंड खिंडीजवळ थोडें थोडें करून उतरविलें तें चीत्यांनींच.

एवढें ऐकून फोन ठेविला, तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, तीस वर्षांत त्यानें माझ्याशीं सलग इतकें बोलण्याची ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालें. व्याकरणांत मूळ शब्दांत दोन रीतींनीं फरक होतो. एका वर्णाला हटवून त्याच्या जागीं दुसरा बसतो तो आदेश. कोणालाहि न हटवितां नवा वर्ण शेजारीं येऊन बसतो तो आगम. आमचे शास्त्रीबुवा म्हणत कीं आदेश शत्रूसारखा येतो आणि आगम मित्रासारखा. माझा स्वभाव भिडस्त आणि हात काटकसरी. म्हणून जेथें निभेल तेथें आगमानेंच निभवावें असें मीं ठरविलें.

मोठ्या पंख्याचा हिशेब नातवाकडून करून घेतला. ‘दोन’च्या पंख्याचा व्यास १०.२० मीटर, चीत्याचा ११.०२. बहात्तरानें भागिले म्हणजे एक १४१.७ मिलिमीटर, दुसरा १५३. फरक सवाअकरांचा; निम्मा केला म्हणजे प्रत्येक पात्याला पावणेसहा मिलिमीटरांचा आगम. टाकाऊ चौकटीचे तुकडे घासून पातळ केले आणि पात्यांच्या टोंकांना चिकटविले. ह्या कामाचा चिकट द्रव प्लॅस्टिकला किंचित् विरघळवितो, त्यामुळें सांधा एकजीव होतो असें पेटीवर लिहिलें होतें. माझ्या हाताला हल्लीं कंप सुटतो, म्हणून धरण्याचें काम माझें आणि लावण्याचें त्याचें. चार दिवस आम्ही तें वाळत ठेविलें. पांचव्या दिवशीं वहिनी दिवा लावावयास आल्या आणि त्यांचा पदर अडकला. “भाऊजी, तुमच्या पांखराचे पंख गळले हो,” त्या म्हणाल्या. तीन टोंकांपैकीं दोन खालीं पडलीं होतीं. मग आंत पितळी तारेची काडी घालून पाहिली. तार गेली, पण पातेंच चिरलें.

शेपटीच्या पंख्यानें तर मला निरुत्तरच केलें. दोन पात्यांत तिसरें मिळविलें कीं झालें, असें मी समजत होतों. मुलगा म्हणाला, “आजोबा, दोन पातीं समोरासमोर आहेत, मध्यें तिसरें कोठें बसवणार? तीन करावयाचीं तर आधींच्या दोघांनाहि सरकावें लागेल.” एकशेंऐंशी अंशांचे एकशेंवीस! म्हणजे आलेला पाहुणा मित्र असला तरी घरांतल्या सगळ्यांचीच बैठक बदलते. हें व्याकरणांत कोणी मला शिकविलें नव्हतें.

हा वृत्तांत मुलानें बापाला कळविला असावा. श्रावणांत टपालानें एक पुडकें आलें. आंत ‘अलूएत तीन’चा त्याच मापाचा संच, आणि एक चिठ्ठी: “काका, कारखान्यानेंहि दोन मोडूनच एक केलें. बाळाला मोडूं द्या.”

नवाकोरा संच मोडावयाचा हें माझ्या जिवावर आलें. आमच्या पिढीनें पेन्सिल सुद्धां बोटांत मावेनाशी होईतों वापरली. पण मुलानें एका दुपारीं मोठा पंखा, शेपटीचा पंखा आणि इंजिन कापून घेतलें. पंखे बिनतक्रार बसले. इंजिन बसेना, जुन्याची बैठक त्याला अपुरी. तेथें पॉलिश पेपरनें घासून, फटींत रंगारी वापरतात ती लांबी भरून, पुन्हां घासून पंधरा दिवस गेले. जाळीदार शेपूट मात्र पाहण्यासारखें झालें. त्याच्या काड्या सुईहून फारशा जाड नाहींत. त्यांवरचें शिवणीचें प्लॅस्टिक मुलानें भिंगाखालीं, श्वास रोखून, एकेक करून काढिलें. अभ्यासांत मीं ज्या एकाग्रतेची वाट पाहात होतों ती ही. शेवटीं फ्रेंच चिन्हें वगळून सैन्याचा हिरवा रंग दिला. इंजिन गेलेलें ‘अलूएत तीन’ मात्र अद्याप फडताळांत तसेंच पडलें आहे, आणि त्याची मला खंत वाटते.

दिवाळीला पुतण्या आला. धनत्रयोदशीच्या रात्रीं फराळ झाल्यावर मुलानें प्रतिकृति त्याच्या तळहातावर ठेविली. त्यानें ती दिव्याकडे धरिली. इंजिन पाहील, पंखे पाहील, असें मला वाटलें होतें. तो घुमटाच्या आंत पाहात राहिला.

“छान झालें आहे, काका. पण मागें आसनें नव्हतीं.”

मीं म्हटलें, संचांत होतीं तशीं आम्हीं बसविलीं.

“कागदावर पांच माणसांचें यंत्र आहे तें. वरच्या चौक्यांवर जातांना आम्ही मागचीं आसनें काढून ठेवीत असूं. दरवाजेहि. कधीं कधीं पंचवीस किलोंपलीकडे ओझें नेतां येत नसे. इंधन सुद्धां जाऊन येण्यापुरतेंच. वर उतरल्यावर इंजिन बंद करावयाचें नाहीं. पुन्हां सुरू होईलच असें नाहीं.”

वहिनी वाती वळीत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले.

“एकदां एक जवान आणावयाचा होता,” तो म्हणाला. “फुप्फुसांत पाणी झालेलें. मागें नुसत्या फळीवर आडवा केला. जागा इतकी थोडी, कीं त्याचे बूट माझ्या आसनाच्या पाठीला टेकले होते. मागें वळून पाहतां येत नव्हतें, आवाजांत ऐकूं येत नव्हतें. बूट हलत तोंवर मला कळे कीं तो आहे.”

“आणि मग?” वहिनींनीं विचारिलें.

“उतरलों तेव्हां हलत होते.”

वहिनी उठून देवघरांत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहींत.

तो निजल्यावर मीं आणि मुलानें घुमट उकलला. आसनें आम्हीं चांगलीं घट्ट चिकटविलीं होतीं. निघतांना तळ थोडा खरवडला गेला. तो मीं रंगवूं म्हणत होतों, पण मुलगा नको म्हणाला. काढलेलीं आसनें त्यानें काड्यापेटींत घालून ठेविलीं.

भाऊबीज आटोपून पुतण्या निघाला. अर्जाची जुनी गोष्ट त्या चार दिवसांत काढावी असें माझ्या मनांत अनेकदां आलें, काढिली नाहीं. त्यानेंहि काढिली नाहीं. मोटार दारांत उभी असतां त्यानें खिशांतून एक घडी केलेला कागद काढून माझ्यापुढें केला. शाळेची सहल रायगडला जावयाची होती, आणि गड पायीं चढावयाचा म्हणून पालकांची संमति मागितली होती.

“काका, येथें पालक तुम्हीच. सही तुमचीच लागेल.”

मीं ओट्यावरच बसून सही केली आणि कागद मुलाच्या हातीं दिला. त्यानें तो वाचला आणि परत केला.

“आजोबा, तारीख राहिली.”