अंगचे गुण, वेषाचे गुण

काही संख्या नुसत्या पाहिल्या तरी मन प्रसन्न होते. १२३४५६७८९८७६५४३२१ ही मला तशी वाटते. एकापासून नवापर्यंत चढावे आणि त्याच पायऱ्यांनी पुन्हा एकावर उतरावे, अशी तिची घडण. ‘लीलावती’तील स्थाननामे घेतली तर तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी बसतो. ‘परार्ध’ तेथून अवघे एक घर दूर.

ही संख्या म्हणजे १११११११११ या संख्येचा वर्ग. गुणाकार पाटीवर मांडला की तिचे रहस्य उलगडते. नऊ एकांची ओळ नऊ वेळा, दर वेळी एकेक घर डावीकडे सरकवून लिहायची. मग उभ्या रकान्यांतील बेरजा एकेकाने वाढत नवापर्यंत जातात आणि तशाच ओसरतात. हातचा कोठेच येत नाही. मात्र दहा एकांचा वर्ग करा. मधल्या रकान्याची बेरीज दहा होते, हातचा येतो आणि उत्तर निघते १२३४५६७९००९८७६५४३२१. तो डौल मोडला! नऊ वेळा खरे ठरलेले दहाव्या वेळीही खरे ठरेल, असे नाही. कारण ठाऊक असेल तरच नियमाची मर्यादा कळते.

देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले. ज्या रेल्वे स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, त्याचेच ते नाव. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला ते ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, म्हणत. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आणि तिला ८१ ने भागही जातो. तेव्हा ती हर्षदही झाली.

पण हे सारे गुण एकाच प्रतीचे नव्हेत. संगणक संख्या लिहितो ती केवळ शून्य व एक या दोन अंकांनी. त्या लिपीत हीच संख्या उलटसुलट सारखी वाचता येत नाही. ‘डेम्लो’ आणि ‘हर्षद’ या पदव्याही दशमान पद्धतीच्याच आधाराने मिळालेल्या. हे झाले वेषाचे गुण. परंतु ती विषम आहे, पूर्ण वर्ग आहे आणि ३, ३७ व ३३३६६७ हेच तिचे मूळ अवयव आहेत, या गोष्टी कोणत्याही लिपीत बदलत नाहीत. हे तिच्या अंगचे गुण.

म्हणून वेषाला तुच्छ लेखावे असे मात्र मला वाटत नाही. त्या सुंदर वेषाने मला थांबविले नसते, तर तिचे अवयव शोधण्याच्या खटपटीत मी कशाला पडलो असतो? वेषाने ओळख व्हावी. परंतु पारख करताना अंगच्या गुणांपर्यंत जावे. संख्यांच्या सहवासात ही सवय जडते आणि माणसांच्या जगातही ती उपयोगी पडते.