नावेतील प्रवासी

प्राग शहरातील लेखक फ्रान्झ काफ्का यांची ‘दंडवसाहतीत’ ही कथा मी प्रथम सेमिनरीत असताना वाचली. १९१४ साली लिहिलेली आणि १९१९ साली प्रसिद्ध झालेली ही कथा एका दूरच्या बेटावर घडते. तेथे एक यंत्र आहे. अपराध्याने मोडलेली आज्ञा त्यातील कुळवाच्या सुया त्याच्या देहावर बारा तास कोरीत राहतात. कॅप्टनच्या दारापुढे दर तासाला उठून सलाम करण्यात एक शिपाई चुकला, एवढाच काय तो अपराध. आपल्याला शिक्षा झाली आहे, हेही त्या बापड्याला ठाऊक नसते. दोषाविषयी शंका घ्यायचीच नाही, हे न्याय देणाऱ्या अधिकाऱ्याचे तत्त्व. मग आरोपीला विचारायचे कशाला?

तरुणपणी मला त्या अधिकाऱ्याचा संताप आला होता. पन्नाशी उलटल्यावर कथा पुन्हा वाचली, तेव्हा मन अडखळले ते बेट पाहायला आलेल्या प्रवाशापाशी. अन्याय त्याला दिसतो. पण आपण परके, म्हणून तो बराच वेळ गप्प राहतो. शेवटी यंत्र मोडते, अधिकारी त्यातच मरतो. सुटलेला कैदी आणि त्याचा पहारेकरी नावेकडे धावतात, तेव्हा हाच सज्जन प्रवासी जाड दोर उगारून त्यांना दूर ठेवतो.

वाचकहो, तो दोर माझ्याही हाती होता. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात दानपेटीतील पैशांवरून एका वेदीसेवकावर संशय आला. बैठकीत त्याला वेदीपासून दूर ठेवण्याचे ठरले. अध्यक्षस्थानी मी होतो. मुलगा बाहेर ओट्यावर बसला होता. ‘त्याला आत बोलवा,’ एवढेही माझ्या तोंडून निघाले नाही. माझी बदली ठरली होती; जाता जाता वाद नको होता. निघण्याच्या दिवशी तो फाटकाशी उभा होता. त्याला काही सांगायचे असावे. मी गाडीची काच वर केली.

तो दोषी होता की निर्दोष, हे मला आजही ठाऊक नाही. कारण त्याला कोणी विचारलेच नाही. प्रायश्चित्त संस्कारात पापी स्वतः बोलतो आणि धर्मगुरू ऐकतो. इतक्या वर्षांत मी असंख्य माणसांचे ऐकले. त्या एकाचे तेवढे राहून गेले.

त्याचा पत्ता मी मिळवला आहे. क्षमेचा प्रश्न पुढचा. आधी त्याचे ऐकायचे आहे.