ओली बॅग

मालेगाव म्हटलं की लोक विचारतात, "नाशिकचं का?" आमचं वाशीम जिल्ह्यातलं. अकोल्याहून वाशीमकडे जाताना मेडशीनंतर लागतं ते. शाळेत असताना मी तिथे हॉकी खेळायचे, तेही गोलकीपर म्हणून, हे सांगितल्यावर मात्र पुढचा प्रश्न कुणालाच सुचत नसे.

एसटीत बॅगेवरून ओळख पटायची. माझ्या खांद्याएवढी उंच बॅग, ती मागच्या बाकाशी आडवी टाकायची आणि अकोल्यापर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याचं ऐकून घ्यायचं. एका आजीने विचारलं होतं, "अव माय, कायचा वास येऊन राह्यला वं?" मी खिडकीबाहेर बघत बसले.

किट माझं नव्हतं, शाळेचं होतं आणि एकच होतं. माझ्याआधी दोघींनी घातलेलं, माझ्यानंतरही कुणीतरी घालणार होतं. ते भरायचं कसं हे मला माझ्या आधीच्या ताईने शिकवलं. पायाचे पॅड तळाशी, समोरासमोर तोंड करून. त्यांच्या पोकळीत किकर, म्हणजे बुटांवर चढवायचे फोमचे जाड ठोकळे. मग छातीचं गार्ड, हेल्मेटच्या पोटात गळ्याची पट्टी, आणि हातमोजे सगळ्यांत वर. डाव्या हाताचा मोजा म्हणजे खरं तर सपाट फळीच. चेंडू पकडायचा नसतो, त्या फळीने वळवायचा असतो. वजनाखाली ती वाकली तर चेंडू भलतीकडे जातो. नियमाने हा मोजा २२८ मिलिमीटरपेक्षा रुंद आणि ३५५ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही, म्हणजे जो काही बचाव करायचा तो एवढ्यातच.

घरी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी बॅग उघडायची. सगळं सावलीत, वाऱ्यावर पसरायचं. आमच्याकडच्या उन्हात ठेवलं की फोम कडक होऊन भुगा पडायला लागतो. मोज्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने बदलायचे. आणि पट्ट्यांमधली कुसळं जुन्या टूथब्रशने काढायची. हे कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, पण आमच्या मैदानावर हेच मुख्य काम. कुसळं भरली की वेल्क्रो धरत नाही आणि ऐन सामन्यात पॅड घोट्यावर फिरतो.

दहावीच्या वर्षी पावसाळ्यात अमरावतीला आम्ही हरलो. शेवटचा गोल माझ्या दोन पायांमधून गेला. रात्री घरी आले, चिंब भिजलेली बॅग खाटेखाली ढकलली आणि तिच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं. नऊ दिवस. आई ओरडत होती, मी ऐकत नव्हते.

उघडली तेव्हा छातीच्या गार्डच्या अस्तरावर काळी बुरशी, मोज्यांच्या आत बुळबुळीत थर. साबण लावून घासलं, वाळवलं, वरून चांगलं दिसायला लागलं. तसंच शाळेत जमा केलं. पुढच्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलीला ते दिलं गेलं. तिच्या मानेवर, काखेत पुरळ उठलं आणि तिच्या आईने तिला मैदानावर पाठवणं बंद केलं. सरांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "सर, पावसाने झालं असेल." ती मुलगी आता मालेगावातच असते, बाजारात भेटते, हसून बोलते. मी तिला अजून सांगितलेलं नाही.

श्रीजेशच्या वडिलांनी त्याच्या किटसाठी गाय विकली, ही गोष्ट वाचली तेव्हा मला गायीपेक्षा त्या किटचीच काळजी वाटली. २०१६च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात आपण पाकिस्तानला ३-२ हरवलं. जखमी श्रीजेशच्या जागी गोलात आमच्या शेजारच्या यवतमाळचा आकाश चिकटे होता. घरात फटाके सुरू झाले. मी मात्र पडद्यावर त्याचे पॅड बघत होते, आता हे वाळवणार कोण म्हणून.

माझा भाचा कॅनडात बर्फावरची हॉकी खेळतो. तोही गोलकीपर. त्यांच्या तळघरात लाकडी घोडीवर त्याचं सगळं सामान टांगलेलं असतं, खाली पंखा. त्याला एक काम जास्तीचं आहे. स्केटची पाती पुसून कोरडी करून मऊ कापडी खोळीत ठेवायची, नाहीतर वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने गंजतात. ताई फोनवर सांगते, "घरभर वास येऊन राह्यला नुसता." आईचंच वाक्य, टोरांटोतून.

आता मीच शाळेत खेळ शिकवते. किट अजून एकच आहे, फक्त नवं. परवा वाशीमहून सामना खेळून परतलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते आणि पाऊस सुरू होता. आम्ही हरलो होतो. माझी गोलकीपर म्हणाली, "मॅडम, उद्या उघडते न."

मी तिला शाळेच्या ओसरीवर बसवलं. तिच्या वडिलांना फोन केला, अर्धा तास लागेल म्हणून सांगितलं. दोघींनी बाक आडवे लावून पॅड टेकवले, मोजे उलटे केले. ओढणीने नाक दाबून ती एका हाताने कुसळं काढत होती. मी बोळे करत होते. मधेच तिने विचारलं, "मॅडम, तुमच्याकडून कधी राहून गेलं का असं?"

"गेलं," म्हटलं, आणि त्या आठवीतल्या मुलीपासून सांगायला सुरुवात केली.